डोंगराला ओ देणाऱ्या खोब्रागडे मॅडम

रिबोअंट हा इंग्रजी शब्द मला आयुष्यात एकाच माणसामुळे कळला. नंतर तो कुठल्या वर्तमानपत्रात दिसला नाही, कुणाच्या भाषणात आला नाही, आणि पळसटोल्याच्या आमच्या शाळेत तो शिकवला नसता तर कुणाचं काही अडलं असतं असंही नाही. पण खोब्रागडे मॅडम दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या, हाताचा खडू झटकायच्या आणि म्हणायच्या, "हा शब्द परीक्षेला येणार नाही. म्हणून नीट ऐका."

त्यांच्यानंतरचा तास माझा असे, पदार्थविज्ञानाचा. मी आत यायची तेव्हा फळ्यावर तो शब्द तसाच, आणि खाली "पुसू नये" असं लिहिलेलं. मी पहिल्यांदा वैतागले, मग फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात भिंगाच्या आकृत्या काढायला शिकले. एकाच फळ्यावर दोन बायांचा संसार चालावा तसं आमचं बरीच वर्षं चाललं.

पळसटोला वडशाहून कोरचीच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत. पुढं धानाची बांधी, मागं जंगल, आणि जंगलाला पाठ लावून एक लांबट डोंगर. मी नागपूरची, नवरा तिकडे नोकरीला. त्यामुळे शनिवारी दुपारची बस आली की मी पळायची. मॅडम ब्रह्मपुरीच्या. तिथं त्यांचं घर होतं, पण घरात कुणी नव्हतं, म्हणून त्या सुट्टीतही पळसटोल्यालाच राहायच्या. आम्हां दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. त्या खोकल्या तर मला कळायचं आणि मी नवऱ्याशी फोनवर भांडले तर त्यांना. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल त्या अवाक्षर काढायच्या नाहीत, फक्त डब्यातली भाजी जरा जास्त वाढायच्या.

तर तो शब्द. शब्दकोशात त्याचा अर्थ मोठ्यानं घुमणारा, निनादणारा असा आहे. जुन्या कवितेतला शब्द, आता कुणी वापरत नाही. मॅडम मुलांना अर्थ सांगून सोडायच्या नाहीत, वाक्यात वापरून दाखवा म्हणायच्या. एकदा मडाव्यांच्या पोरानं लिहिलं की माझा बाप दारू पिला की रिबोअंट होतो. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "अर्थ समजला तुला, वापर नाही समजला," म्हणाल्या. "तुझा बाप ओरडतो. त्याचं ओरडणं जिथं घुमतं ती जागा रिबोअंट, नाहीतर तो घुमणारा आवाज." मग एका मुलीनं लिहिलं, आपल्या शाळेचा टिनाचा हॉल पावसाळ्यात रिबोअंट असतो. तिला पूर्ण गुण मिळाले, आणि हॉलला ते नाव कायमचं चिकटलं. आजही तिथली पोरं "रिबोअंटमध्ये कार्यक्रम आहे" असं म्हणतात, आणि नवीन आलेला मास्तर हे कुणा देणगीदाराचं नाव असावं असं समजतो.

पण मॅडमचं खरं प्रेम त्या शब्दाच्या मुळावर होतं. मूळ लॅटिन, आणि त्याचा अर्थ उलट हंबरणं. "एक बैल नदीच्या या काठाला डुरकला," त्या वर्गाला सांगायच्या, "आणि पलीकडच्या काठावरून दुसऱ्या बैलानं उत्तर दिलं. ते रिबोअंट. भिंतीवर आपटून आपलाच आवाज परत येतो, तो नुसता एको."

मी शेजारच्या वर्गातून हे ऐकायची आणि माझं डोकं फिरायचं. स्टाफरूममध्ये मी म्हणाले, "मॅडम, असं काही नसतं. आवाज आदळतो आणि परत येतो. बैलाचं उत्तर हा वेगळा आवाज. शब्दकोशात तरी आहे का हे?"

"शब्दकोशात इतकं नाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "घुमणारा, एवढंच आहे. बाकीचं माह्यं आहे."

वर्गात त्यांची भाषा इस्त्री केलेली. वर्गाबाहेर आल्या की ब्रह्मपुरीची बाई.

उत्तर या गोष्टीचं त्यांना वेडच होतं. कुणी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही असं होत नसे. भाजीवाला असो, दूधवाली असो, शाळेचा शिपाई देवाजी असो, पहिल्या हाकेला आतून खणखणीत "ओऽ" यायचा. न्हाणीघरात असल्या तरी यायचा. आणि स्वतः त्या कुणालाही एकदाच हाक मारायच्या. मैदानावर शंभर पोरं धुमाकूळ घालत असोत, मॅडम ओसरीवर येऊन एकदा नाव घ्यायच्या आणि हात मागं बांधून उभ्या राहायच्या. पोराच्या कानावर गेलं नाही तर दुसरं पोर त्याला ढोसायचं, पण मॅडम दुसऱ्यांदा तोंड उघडायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, पुन्हा हाक मारायला काय जातं? तर म्हणाल्या, "एकदा मारली न? ज्याले याचं तो येते. मी काही मागे लागत नाई कोणाच्या." हा त्यांचा ताठा होता आणि तो त्यांना शोभायचाही. उंच बाई, पांढरं सुती लुगडं नाही तर फिकट निळं, केस घट्ट बांधलेले, चालताना मान इकडेतिकडे नाही.

त्यांच्या खोलीत सामान जवळजवळ नव्हतं. एक खाट, एक टेबल, पुस्तकांची फळी, बुद्धाची तसबीर. पडदा नाही, सतरंजी नाही. त्यामुळे तिथं चमचा पडला तरी देवळातली घंटा वाजावी तसा आवाज व्हायचा. मी विज्ञानाची बाई, मला राहवेना. म्हटलं, मॅडम, भिंतीवर एखादी गोधडी टांगा, आवाज मरेल. त्या हातातलं ताट ठेवत म्हणाल्या, "मारून काय करू? घुमते तं घुमू दे. कोणी बोलल्यासारखं वाटते."

रविवारी मी नागपूरला नवऱ्याशी आणि सासूशी गलका करत असायची तेव्हा ही बाई त्या खोलीत चमचे पाडत असेल, असं काहीतरी मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

त्यांना एक भाऊ होता, मिलिंद. हे मला देवाजीकडून कळलं. आई लवकर गेली, बाप राईस मिलमध्ये हमाली करायचा, आणि मॅडमनी या धाकट्या भावाला अंगाखांद्यावर वाढवलं. त्याच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं आणि मग ते राहूनच गेलं. भावानं शिकून प्राध्यापक व्हावं ही त्यांची एकच इच्छा. पण मिलिंदचा गळा मोठा, अंगात नाटक. कॉलेज अर्धवट टाकून तो वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत शिरला. हिवाळाभर गावोगाव फिरायचं, रात्रभर नाटक करायचं, दिवसा ट्रकमध्ये झोपायचं. मॅडमनी त्याला घरातून जा म्हटलं नाही. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं.

एका जानेवारीत त्याच कंपनीचं नाटक पळसटोल्याला लागलं. सगळं गाव गेलं, मीसुद्धा गेले. मॅडम गेल्या नाहीत. मिलिंद खलनायक होता आणि काय त्याचा आवाज! माईक बंद पडला तरी शेवटच्या बैलगाडीवर बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. बहिणीचाच आवाज तो, फक्त त्याला लगाम नव्हता.

सकाळी मी अंगणात दात घासत होते. धुकं होतं. फाटकाशी एक तरुण येऊन उभा राहिला, अंगावर शाल, कानामागं रंग अजून तसाच. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमच्या दाराकडे बघून तो म्हणाला, "ताई."

नाटकातला आवाज नव्हता तो. अगदी साधा, रोज घरी आल्यावर मारतात तशी हाक होती.

मी वाट बघत राहिले. आत मॅडम होत्या, हे मला माहीत होतं. आत्ताच स्टोव्हचा आवाज आला होता. तो आवाज थांबला. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. ज्या बाईनं भाजीवाल्याला कधी ताटकळत ठेवलं नाही तिच्या दारातून काहीच आलं नाही. तो पोरगा थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता पुन्हा हाक मारेल. पण तोही त्याच घरचा. त्यानं शाल सारखी केली आणि धुक्यात निघून गेला.

त्या दिवशी मॅडम शाळेत वेळेवर आल्या, तास घेतले, हजेरी घेतली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू पाहिलं त्याले? बारीक झाला का?"

"झाला आहे थोडा," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर का नाही आल्या?"

"येनारच होती," त्या म्हणाल्या. "वाटलं, अजून एकदा हाक मारन. मंग जाईन."

त्यानं मारली नव्हती. पुढच्या वर्षी कळलं की त्यानं नाटक सोडलं आणि तो पुण्याकडे कुठंतरी कामाला गेला. त्यानंतर मॅडम त्याचं नाव काढत नसत. मात्र शाळेच्या फाटकाची कडी वाजली की खडू हातातच थांबायचा, हे मी पाहिलं आहे. असं वर्षानुवर्षं चाललं. मिलिंद दुसऱ्यांदा हाक मारेल याची मॅडम वाट बघत होत्या, आणि मिलिंद कुठंतरी पहिल्या हाकेला ओ येण्याची वाट बघत होता. भावाबहिणीचा ताठा सारखाच असला की असं होतं. समजूत घालायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा इंग्रजीत हाकलली गेले.

मग ती मोहफुलांची गोष्ट घडली.

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या शाळेत सकाळी अर्धे बाक रिकामे. पोरं पहाटे आयांबरोबर मोहफुलं वेचायला जातात. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या, आणि एवढी वर्षं ज्या कारणानं पोरं गैरहजर राहिली ते एकदा डोळ्यांनी बघायचं त्यांच्या मनानं घेतलं. परीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून त्या रविवारी मी गावातच होते, तर मलाही ओढलं. शाळेमागं राहणारी सोमीबाई आम्हाला घेऊन गेली. बरोबर तिच्या वस्तीतल्या आणखी बाया. अस्वलाची भीती असते, म्हणून बाया पांगल्या तरी एकमेकींना हाका मारत राहतात. नाव घ्यायचं नाही, नुसतं "होऽऽ" म्हणायचं.

मी सोमीबाईच्या पदराला धरून होते, हे सांगायला मला लाज नाही. मॅडम मात्र टोपलीभर फुलं वेचून झाल्यावर पळसाचा फोटो काढायला एका मोठ्या खडकाआड गेल्या. थोड्या वेळानं त्या दिसेनात. सोमीबाईनं तोंडाशी हात धरून हाक दिली, "होऽऽऽ!"

लगेच मॅडमचा ओ आला, त्यांच्या सवयीप्रमाणे खणखणीत. सोमीबाईनं कपाळावर हात मारला. "आता झालं. बाई चालली तिकडं."

झालं होतं असं की खडकाआड आमचा आवाज नीट पोचत नव्हता. पोचत होता तो समोरच्या डोंगरावरून परतलेला. मॅडम त्यालाच ओ देत डोंगराकडे निघाल्या. त्यांचा ओ डोंगरावरून पुन्हा घुमायचा, तो त्यांना आमचा वाटायचा, त्याला त्या पुन्हा ओ द्यायच्या. असं स्वतःलाच उत्तरं देत बाई जंगलात शिरत चालली होती. मी घाबरून ओरडायला तोंड उघडलं तर सोमीबाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. सगळ्या बाया गप्प. पाखरंसुद्धा ऐकू यायला लागली. मॅडमचे ओ हळूहळू थांबले. जंगल पुरतं निवलं, तेव्हा सोमीबाई खडकावर चढली आणि तिनं दुसऱ्यांदा हाक दिली. मॅडमचा ओ आला त्या दिशेला मग ती स्वतःच त्यांना आणायला गेली.

मॅडम एका दगडावर बसल्या होत्या. लुगड्याला कुसळं, टोपली रिकामी, चेहरा पांढरा. बायांनी त्यांना पाणी पाजलं आणि मग चिडवायला सुरुवात केली.

"मॅडम, डोंगराले ओ देऊन राह्यल्या होत्या जी तुमी!"

"मले वाटलं तुम्हीच आहा."

सोमीबाई हसत त्यांच्या लुगड्याची कुसळं काढायला लागली. "पयल्या हाकेले ओ नाई द्याचा जंगलात. पयल्या हाकेले चूप राहाचं. मंग दुसरी येते, तिच्याकडं जाचं."

"काऊन?"

"डोंगर जे आयकते तेच बोलते. आपल्या मनानं दुसऱ्यांदा थोडीच हाक मारन तो? समदं चूप झाल्यावर जो पुन्यांदा हाक मारते, तो मानूस."

मला ही पद्धत पटली. आवाज विरेपर्यंत थांबायचं, मग पहिला येणारा तो खरा. अगदी वर्गात शिकवण्यासारखं होतं, आणि मी तसं म्हणायलाही लागले. पण मॅडमकडे बघून थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बायांना वाटलं, घाबरल्या म्हणून.

परतताना त्या सगळ्यांच्या मागं राहिल्या आणि माझा हात धरून हळू म्हणाल्या, "तो एक हाक मारून गेला, मी चूप राह्यली. डोंगरापेक्षाही वाईट न मी, वैशाली. डोंगर निदान बोलते तरी."

त्याच आठवड्यात त्या बसनं वडशाला गेल्या. नाटक कंपनीच्या कचेरीत एक जुना नट भेटला, त्याच्याकडे मिलिंदचा नंबर होता. पळसटोल्यात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या चबुतऱ्यावर येतं. रविवारी संध्याकाळी मॅडम त्या चबुतऱ्यावर चढल्या आणि इतक्या वर्षांनी भावाला स्वतःहून हाक मारली. फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. शेवटी ती रेकॉर्ड केलेली बाई बोलली, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग खाली उतरल्या.

पुढच्या रविवारी, आयुष्यात पहिल्यांदाच, पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. आता मी शनिवारी नागपूरला निघताना त्या हसून म्हणायच्या, "जा बाई तू तुझ्या माणसापाशी, मीही जाते माझ्या टाकीपाशी." सोमवारी मी न विचारताच त्या सांगायच्या, "वाजला. शेवटपर्यंत वाजला." एकदा मी चिडून म्हणाले, "अहो, तो उचलत नाही म्हणजे त्याला बोलायचं नाही. किती दिवस स्वतःची अशी फरफट करणार?"

"माहा नंबर आहे त्याच्यापाशी. बोलाचंच नसतं तं बंद केला असता त्यानं," त्या म्हणाल्या. "तेवढं तं येते न आजकाल करता? नाई केला. म्हणजे तो वाजू देते."

ज्या बाईला मागे लागणं ठाऊक नव्हतं, ती आता मागे लागली होती, आणि त्यात तिला लाज वाटत नव्हती. माझ्या मनातला त्यांचा मान त्या दिवसांत फार वाढला.

त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम टिनाच्या हॉलमध्ये झाला, आणि भाषण करताना त्यांचा आवाज इतका घुमला की मागच्या रांगेला काही समजलं नाही. सोमीबाईनं मोहाच्या फुलांचा पुडा दिला. मग त्या ब्रह्मपुरीच्या आपल्या घरी गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. ब्रह्मपुरीला एका लग्नाला गेले होते, रविवार होता, जेवण झाल्यावर त्यांच्या घराकडे वळले. मॅडम वाळल्या होत्या, कानानं जरा कमी ऐकू येत होतं. दार उघडून "ये" म्हणाल्या आणि लगेच, "बस दोन मिनिटं, माझी वेळ झाली." टेबलावर फोन ठेवून त्यांनी स्पीकर लावला, कारण कानाला धरून आता नीट ऐकू येत नव्हतं. घंटी वाजायला लागली. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. चेहऱ्यावर कसलीच अपेक्षा नव्हती. बुद्धवंदनेला बसावं तशा बसल्या होत्या.

पाचसहा घंट्यांनंतर फोन उचलला गेला.

पलीकडे भांड्यांचा आवाज, टीव्ही, आणि मग एका लहान मुलीचा मोठा, स्वच्छ आवाज. "पप्पा! फोन आहे! 'ताई' असं लिहून आहे. ताई कोण आहे?"

दूरवरून कुणा पुरुषाचं काहीतरी बोलणं आलं, समजलं नाही. पावलांचा आवाज झाला. मग नुसता श्वास. कुणीतरी फोन हातात घेऊन उभं होतं आणि बोलत नव्हतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले; पण जिचा आवाज मैदान ओलांडून जायचा, त्या बाईचा आवाज ऐन वेळी फुटला नाही. तेवढ्यात फोन बंद झाला.

मी म्हटलं, "मॅडम, पुन्हा लावू का?"

त्यांनी मान हलवली. "आज राहू दे. तिनं विचारलं न, ताई कोण आहे. आता त्याले सांगू दे तिले."

मग डोळे पुसून, शाळेत एखादा पेपर तपासून झाल्यावर बोलायच्या त्या सुरात म्हणाल्या, "वाचता येते ग तिले. अडखळली नाई."